हैबतरावांचे निळे कान

लग्न होऊन पेणला आल्यापासून रंभा दर रविवारी नवऱ्याचे कान घासत असे. हैबतराव मागच्या पडवीत पाटावर मान खाली घालून बसायचे आणि रंभा एका हातात रॉकेलचा बोळा, दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या घेऊन कामाला लागायची. आधी उजवा कान, मग डावा. कान लाल व्हायचे, मग जांभळे व्हायचे, आणि सोमवारी सकाळी बघावं तर पुन्हा होते तसे निळे.

यात नवल असं कुणालाच वाटलं नाही, कारण हैबतराव गणपतीच्या कारखान्यात होते. पेणमध्ये ज्या घरातला माणूस कारखान्यात जातो, त्या घरात रंग पाहुण्यासारखा येऊन राहतो आणि जायचं नाव घेत नाही. हैबतरावांच्या शेजारी काम करणारा केरू मूर्तींच्या अंगावर रंगाची गन मारी, त्याच्या नाकपुड्या बारा महिने गुलाबी असत. मुकुट रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याची दाढी सोनेरी होती आणि ती त्याला शोभून दिसे. मग हैबतरावांचे कान निळे असले तर बिघडलं कुठं? कारखान्यात गणपतीबरोबर शंकर होतात, कृष्ण होतात. निळा रंग डब्यांनी येतो.

हैबतराव करायचे ती आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे. सगळं रंगकाम झालं की शेवटी हे बसणार, श्वास रोखणार आणि बारीक ब्रशने नजर काढणार. त्यांच्या हातचे डोळे हवेत म्हणून लोक वाट बघत थांबत. रंभाला नवऱ्याचा अभिमान होता. फक्त एवढा मोठा कारागीर लग्नाकार्यात निळे कान घेऊन पंगतीत बसतो, हे तिला पटत नसे. ती मूळची रोह्याजवळच्या वरशाची, भाताची नि वालाची शेती असलेल्या घरातली. तिच्या माहेरी माणसं चिखलाने माखत, पण चिखल धुतला की जायचा.

रॉकेलने भागेना, तसं तिने रिठा लावून बघितला, लिंबाची साल लावून बघितली, टाचा घासायची वजरी लावून बघितली. रेशनवरचं रॉकेल बंद झाल्यावर थिनर आलं. एकदा शेजारणीच्या सांगण्यावरून दही चोळलं, तर रंग निघाला नाहीच, वर शेजारचं मांजर दोन दिवस हैबतरावांच्या मागे फिरलं. बनियनच्या काखा काळ्या पडत, तोही रंग. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात एकेक तपकिरी ठिपका दिसे. तो शिंतोडा उडालाय, असं हैबतराव सांगत, आणि माणूस आयुष्यभर डोळे रंगवतो म्हटल्यावर त्याच्या डोळ्याबद्दल त्याच्याशी वाद कोण घालणार?

लॉकडाउनमध्ये कारखाना बंद झाला तेव्हा खरं तर शंका यायला हवी होती. सगळे कारागीर घरी बसून स्वच्छ झाले. सोनेरी दाढी पांढरी झाली. केरूच्या नाकाचा मूळ रंग त्याच्या बायकोने पहिल्यांदाच बघितला आणि तिला तो फारसा आवडला नाही. हैबतरावांचे कान मात्र निळेच राहिले. रंभाने त्यावरून एवढंच ठरवलं, की रंग खोल मुरलाय. मग रविवारच्या जोडीला ती बुधवारीही घासू लागली.

हैबतरावांची पाठ ताठ होत गेली, खांदे धरले. उंच मूर्तीचे डोळे काढायला हात वर जाईना, म्हणून कारखान्याचा तरुण मालक आदर्श मूर्तीच आडवी निजवून द्यायचा. देवाला उताणा पाडून त्याच्या छातीवर कोपर टेकून आखणी करायची, हे हैबतरावांना प्रशस्त वाटत नसे. ते आधी हात जोडत आणि मग कोपर टेकत.

हे सगळं चालून गेलं असतं. पण यंदा दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तो खड्डा बघितला आणि रंभाला थोरले दीर आठवले. हैबतरावांचे थोरले भाऊ, शिवा, जन्मभर धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबले. त्यांचेही पाय असेच सुजले होते आणि दाबलं की असेच खड्डे पडत होते. त्यांना इस्पितळात नेलं, सुया टोचल्या, आणि ते परत आले नाहीत. त्यांचेही कान काळपट होते. मिठागरातलं ऊन, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

पेणच्या डॉक्टरांनी पाय दाबले आणि लघवीला फेस येतो का विचारलं. येतो म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असावीत, लघवी तपासून आणा. इथून पुढे जे झालं ते रामवाडीच्या त्या लॅबमध्ये अजून सांगतात.

लॅबमधल्या मोरीची भिंत पत्र्याची होती आणि तिला लागूनच बायकांचं बाकडं. पत्र्यापलीकडे चार बायका बसलेल्या असताना हैबतरावांना काही होईना. म्हणून रंभाने घरूनच नमुना आणायचं ठरवलं. सकाळी घेतलेली बाटली तिने नीट पिशवीत ठेवली. घरातली कामं आटपून, भाजी घेऊन, वाटेत दोघींशी बोलून ती लॅबवर पोचली, तेव्हा बाटलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं. लॅबमधला निकेश बाटली उजेडात धरून बघत राहिला. मग त्याने अदबीने विचारलं, की काकू, हे कुठल्या मूर्तीला लावायचं?

रंभाला वाटलं, बाटलीच खराब असेल. घरात रंगाचे डबे, ब्रश, कुठलं तरी काही तरी लागलं असेल. दुसऱ्या खेपेला तिने बाटली धुण्याच्या सोड्याने खसाखसा घासली, उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली. तळाशी जरा सोडा राहिला तो राहू दिला, तेवढीच स्वच्छता. या वेळी लॅबपर्यंत पोचायचीही गरज पडली नाही. बाटली घराच्या फाटकाशीच काळी ठिक्कर पडली.

तरी ती तशीच घेऊन गेली, पण निकेशने बाटली घेतलीच नाही. त्याचंही चुकलं नव्हतं. मागल्या शिमग्याला हैबतरावांनीच त्याच्या स्कूटरच्या सीटला ओला रंग लावला होता आणि तो दिवसभर पिवळी बैठक घेऊन गावात हिंडला होता. आता त्याला वाटलं, म्हाताऱ्याची मस्करी अजून संपलेली नाही. त्याने सांगितलं की इथे आजारी माणसं येतात, काकांना म्हणावं वय झालं. हैबतरावांना हे कळल्यावर ते उलट खूश झाले. आपण काही न करता मस्करी झाली, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

रंभाला हसू येत नव्हतं. खड्डे आता नडगीवर पडू लागले होते.

माघी गणपती झाले. वरशाहून तिच्या धाकट्या भावाचा, कान्हूचा, फोन आला, की वालाच्या शेंगा भरल्यात, पोपटीला या. भूमिकाही सुट्टीवर येतेय. भूमिका म्हणजे कान्हूची मुलगी. ती मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती आणि अजून पुढचं शिकत होती. रंभाने मनाशी काही ठरवलं. निघायच्या सकाळी तिने हैबतरावांकडून एक बाटली भरून घेतली, घट्ट बूच लावलं, आणि सुक्या बोंबलांच्या पुडक्याशेजारी पिशवीत ठेवून दिली.

वरशाला पोचल्यावर पिशवी चुलीपाशी राहिली आणि रंभा भावजयीला शेंगा निवडायला बसली. अंगणात कान्हूने पोपटीसाठी भांबुर्ड्याचा रानपाला आणून टाकला होता. मडक्यात खाली तो पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून वरून पेंढा पेटवायचा. दिवस मावळायला आला होता आणि भांबुर्ड्याचा तो कडसर वास सुटायला लागला होता. अशा वेळी कान्हूला वाटलं, पोपटीबरोबर सोलकढी हवी. त्याने नारळाचं दूध काढून ठेवलंच होतं. बहिणीच्या पिशवीत त्याला काळपट पाण्याची बाटली दिसली. पेणहून कोकमाचं आगळ आणलंय, किती ती माया, असं म्हणून त्याने बूच काढलं, बाटली दुधाच्या पातेल्यावर तिरकी केली, आणि सवयीने आधी वास घेतला.

"ताय," तो म्हणाला, "तुझा आगळ बिघाडलाय."

रंभा शेंगांचं सूप उधळून धावली. तिने भावाच्या हातून बाटली हिसकावली, आणि मग सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणं भाग पडलं. कान्हू हात धुवायला विहिरीवर गेला तो बराच वेळ आला नाही. भावजयीने नारळाचं दूध काही झालं नसतानाही ओतून दिलं. हैबतराव खाटेवर बसल्या बसल्या इतके हसले की त्यांच्या धरलेल्या पाठीत उसण भरली.

हसली नाही ती भूमिका. तिने बाटली घेतली, उजेडाकडे धरली. मग येऊन हैबतरावांच्या समोर उकिडवी बसली. तिने त्यांचे कान उलटून बघितले, मोबाइलचा उजेड डोळ्यांत पाडून ते ठिपके बघितले, बोटं उघडून तळवे बघितले. मग आत्याकडे वळून तिने विचारलं, की लहानपणी आतोबांचे लंगोट काळे व्हायचे का?

एवढं शिकवून मुलगी सगळ्यांदेखत आतोबांच्या लंगोटाची चौकशी करते, याचं भावजयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंभा म्हणाली, मला कसं ठाऊक असणार, मी काय पाळण्यापासून यांना ओळखते?

मग भूमिकाने सांगितलं ते रंभाने नीट ऐकलं. या आजाराला अल्काप्टोनुरिया म्हणतात आणि तो कित्येक लाखांत एखाद्यालाच होतो. आपण वाल खातो, मासे खातो, अंडी खातो. त्यातली प्रथिनं शरीर मोडतं, बारीक करतं, पार शेवटपर्यंत. आतोबांच्या शरीरात जन्मापासून ती मोडायची एक पायरीच नाही. तिथे काम अडतं आणि एक आम्ल साठत राहतं. थोडं लघवीवाटे जातं. ती बाहेर राहिली की काळी पडते, सोडा लागला तर लगेच. उरलेलं वर्षानुवर्षं कानाच्या मऊ हाडात, पाठीच्या मणक्यांत, खांद्यांत जाऊन बसतं आणि तिथे काळं होतं.

"म्हणजे हा रंग नाही?" रंभाने विचारलं.

"नाही, आत्या. तो आतून आलाय."

रंभाला ते सगळे रविवार आठवले. रॉकेल आठवलं, वजरी आठवली. आपण एका माणसाचे कान त्याच्या अंगावरून पुसून काढायला बघत होतो, हे लक्षात येऊन तिला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी मांजर आठवून हसू यायला लागलं.

पण पाय का सुजले, हे अजून राहिलंच होतं. भूमिकाने आत्याला कळेल अशा बेताने सांगितलं. उकड काढताना पीठ हळूहळू पडलं, ढवळलं गेलं, तर उकड मऊ होते. काही बिनसलं की गुठळ्या होतात, आणि एकदा झालेली गुठळी कितीही मळली तरी मोडत नाही. अंगातलं प्रत्येक प्रथिन ठरावीक घडीत असतं. या आम्लाने सांधे सतत चिडलेले राहतात, त्यामुळे यकृत एक प्रथिन गरजेपेक्षा जास्त सोडत राहतं. त्यात हे आम्ल त्याची घडी बिघडवतं. मग ती बिघडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे धागे होतात, गुठळ्या होतात, आणि त्या जिथे जागा मिळेल तिथे बसतात. आतोबांच्या मूत्रपिंडात त्या बसल्या असाव्यात. सगळ्यांना असं होत नाही, आणि तपासल्याशिवाय तीही खात्रीने सांगणार नव्हती. त्यासाठी पोटाच्या कातडीखालची थोडी चरबी सुईने काढायची. गुठळ्या निघाल्या तर पुढच्या होऊ नयेत म्हणून औषधं आहेत. उशीर केला तर मूत्रपिंडं जातील.

सुई म्हटल्यावर हैबतरावांचं हसणं थांबलं.

"मना कायपण झाला नाय," ते म्हणाले. "कारखान्यातला रंग हाय तो. तुमी पोपटी काढा."

पोपटी निघाली. भूमिकाने आतोबांसमोरून अंडी उचलली, कोंबडी उचलली आणि थोड्या शेंगा नि बटाटे ठेवले. पोपटीला येऊन बटाटे खाणारा मी पहिलाच, असं ते पुटपुटले. पण ताटावरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतताना रंभाने नवऱ्याला वाट वाकडी करून धरमतरच्या बाजूला नेलं, त्यांच्या आईकडे. धोंडुबाई शिवाच्या मुलाकडे राहत. वय किती ते त्यांनाही सांगता येत नसे, पण जीभ शाबूत होती. रंभाने लंगोटाचं विचारलं. म्हातारीने आधी दाराकडे बघितलं, तिथे तिची सासू उभी असेल अशा धास्तीने. सासू मरून जमाना झाला होता.

"काले व्हायचे गो," ती म्हणाली. "शिवाचे पण, याचे पण. सोड्यान धुतले का अजून काले. सासू बोलायची, सुनेला धुना येत नाय."

मग तिने काय केलं तेही सांगितलं. घरात एक मोडकी छत्री होती. तिने छत्रीचं काळं कापड काढून त्याचे लंगोट शिवले. काळ्यावर काळं कुणाला दिसणार? सासूचं तोंड बंद झालं. एवढंच झालं, की छत्रीचं कापड पाणी शोषत नाही, त्यामुळे हैबत जिथे बसेल तिथे तळं होई, आणि त्याला उचललं की उचलणाऱ्याच्या अंगावर पागोळी पडे. बरं, तिचा नवरा तिचा सख्खा आतेभाऊ. तिच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही घराण्यातून हे थोडं थोडं आलं असेल, असं भूमिकाने म्हटलं होतं. रंभाने ते जपून सांगितलं. म्हातारी उखडली. तिच्या माहेरात असलं काही नव्हतं, असेल तर सासरच्यांचं असेल, असं तिने ठणकावलं. आणि दोन्ही घरं एकच होती हे आठवून ती जराशी थांबली.

छत्रीची गोष्ट हैबतरावांना झोंबली. पुतण्याची पोरं दारातून पाठमोऱ्या आजोबांकडे बघून खिदळत होती. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की हा विषय बंद. मुंबईला जाणार नाही, सुई टोचून घेणार नाही.

रंभाने रागावून बघितलं, अबोला धरून बघितला. कान घासणं तर तिने सोडूनच दिलं होतं, आणि गंमत म्हणजे त्याचंच हैबतरावांना जास्त वाईट वाटलं. रविवारी ते सवयीने पाटावर जाऊन बसले आणि बराच वेळ एकटेच बसून राहिले. शेवटी तीही जाऊन जवळ बसली. तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, की शिवादादालाही डॉक्टर सुई टोचून बघतो एवढंच बोलले होते. पायाला चपला येईनाशा झाल्या होत्या. ते जुन्या सैल स्लिपर घालून, टाचा बाहेर टाकून कारखान्यात जात होते.

भूमिकाचा फोन दर दोन-चार दिवसांनी येई. एकदा संध्याकाळी रंभाने फोनचा आवाज मोठा करून मुद्दाम ओट्यावर ठेवला. हैबतराव पलीकडे तोंड करून बसले होते. भाचीने पुन्हा सगळं समजावलं. चरबीचा एवढासा कण काचेवर घ्यायचा. त्यावर एक लाल रंग टाकायचा. गुठळ्या असतील तर तो रंग त्यांना धरून बसतो. मग सूक्ष्मदर्शकात एका खास प्रकाशात बघितलं, की त्या गुठळ्या हिरव्या दिसतात.

हैबतरावांची मान वळली.

"कुठला लाल?"

भूमिका गडबडली. तिने सांगितलं, काँगो रेड म्हणतात त्याला.

"आनि त्याच्यात हिरवा कोन मिसळतो?"

कुणीच नाही, असं ती म्हणाली. लालच असतो, पण दिसतो हिरवा. कोवळ्या पानासारखा.

हैबतराव उठून फोनजवळ आले. त्यांनी भाचीला शांतपणे सांगितलं, की बाळा, तू डॉक्टर असशील, पण रंगातलं तुला कोणी तरी चुकीचं शिकवलंय. लालावर कसलाही उजेड टाक, तो लाल दिसेल, काळा दिसेल, तपकिरी दिसेल. हिरवा दिसणार नाही. भूमिका म्हणाली, दिसतो. ते म्हणाले, नाही दिसत. रंभा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि या वेळी शहाणपणाने मधे पडली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काम झालं नाही. हैबतरावांनी एका पाटावर सहा जातींचे लाल ओढले. आदर्शने मखराच्या सजावटीतले रंगीत जिलेटिन कागद आणले, केरूने विजेरी धरली. निळा कागद, पिवळा कागद, हिरवा कागद. हिरव्यातून लाल काळा दिसला. सगळ्या कारागिरांनी आळीपाळीने डोळा लावला आणि काळाच दिसतो यावर एकमत झालं. केरूला मात्र एकदा जरासा हिरवा दिसला होता, पण त्याने गॉगल घातला होता असं निघालं. घरी येऊन हैबतरावांनी रंभाला सांगितलं, की उद्या मुंबईला जायचं. त्या एवढ्या शिकलेल्या लोकांना कुणी तरी सांगायला पाहिजे.

सुई टोचली तेव्हा त्यांनी रंभाचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. डोळे मिटून ते काही तरी पुटपुटत होते. तिला वाटलं देवाचं नाव घेतायत. जवळ कान नेला तर ते शिवादादाशी बोलत होते, की मी फक्त रंग बघायला आलोय, थांबणार नाय.

रंग बघायला पुन्हा जावं लागलं. काच तयार व्हायला वेळ लागतो. भूमिकाने सरांची परवानगी काढली आणि आतोबांना उंच स्टुलावर बसवलं. पाठ वाकेना, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दोन जाड पुस्तकं घालावी लागली. त्यांनी चष्मा काढला, नळीला डोळा लावला, आणि आखणीच्या वेळी रोखत तसा श्वास रोखला.

"गुलाबी हाय," ते म्हणाले. "फिका. मी बोललोच व्हतो."

भूमिकाने बाजूची एक चकती फिरवली.

हैबतरावांनी डोळा नळीला आणखी घट्ट लावला. रंभा भिंतीशी उभी होती. तिला त्यांचा फक्त कान दिसत होता, आणि तो हलत नव्हता. मागे दोन तरुण डॉक्टर आपल्या काचा घेऊन ताटकळत होते. एकाने घसा खाकरून बघितला. हैबतरावांनी हाताने त्याला थांब म्हटलं. मग हळूच सांगितलं, की परत फिरव. भूमिकाने चकती परत फिरवली. गुलाबी. पुन्हा फिरवली. असं किती तरी वेळा झालं.

अखेर ते डोळा न काढताच म्हणाले, "हे माज्यातला हाय?"

"हो, आतोबा."

"शिवादादातपन असाच असंल."

भूमिकाने सांगितलं, की तपासलं नव्हतं, त्यामुळे सांगता येत नाही, पण असू शकेल. हैबतरावांनी मान हलवली. मग त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं कबूल केलं, की लाल हिरवा दिसतो, आपली चूक झाली. आदर्शला नि केरूलाही सांगायला हवं. आणि चष्मा घालत भाचीला विचारलं, की आता याचं काय करायचं ते सांग.

तिने सांगितलं. जे बसलंय ते बरंचसं तसंच राहील, पण नवीन बसू द्यायचं नाही. ते आम्लच कमी तयार व्हावं म्हणून एक गोळी मिळते, ती इस्पितळामार्फत मागवायची. मूत्रपिंडासाठी वेगळी औषधं. वाल, मासे, अंडी मोजकी. दर काही महिन्यांनी तपासायला यायचं, चुकवायचं नाही. यातलं शेवटचं व्हायचं नाही, हे रंभाला पक्कं ठाऊक होतं. हा माणूस दाढ दुखत असताना दाढेच्या डॉक्टरकडे गेला नव्हता.

"येतो," हैबतराव म्हणाले. "कदी येऊ? हा असाच ऱ्हातो का याचा रंग बदलतो, ते बघाया लागंल."

भूमिका प्रामाणिक मुलगी. ती सांगायला लागली, की प्रत्येक वेळी चरबी काढायची किंवा सूक्ष्मदर्शकात बघायची काही गरज नाही, रक्त आणि लघवी तपासली की—

एवढ्यात रंभाने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती पुढचं विसरली. आत्याने तिला दारामागे ओढलं.

"दर येळेला दाखीव त्यांना," ती कुजबुजली. "काय पण दाखीव. ही जुनीच काच परत लाव, त्यांना काय कळतंय. पण दाखीव गो."

भूमिका दंड चोळत हसायला लागली. काच जपून ठेवते, म्हणाली. आत हैबतराव पुन्हा स्टुलावर चढले होते आणि त्या दोन ताटकळलेल्या डॉक्टरांना विचारत होते, की तुमच्या काचांत कुठला रंग आहे, जरा बघू द्या.